जुन्या माळवदात उजेड कसा आणावा? गवंडी, सुतार आणि ठेकेदार बांधवांसाठी

सोनपेठ, गंगाखेड, पाथरी, मानवत या गावांच्या जुन्या गावठाणात आजही माळवदी घरे उभी आहेत. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर दीड-दोन फूट पांढरी माती. मे महिन्याच्या उन्हात ही घरे जेवढी थंड राहतात तेवढे नवे स्लॅबचे घर राहत नाही, हे पंखा बंद पडला की सर्वांनाच कळते. पण या घरांची एक मोठी खोड आहे. आत उजेड नाही. ओसरीत ठीक, पण मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्याच खोलीत घरातील स्त्रिया शिवणयंत्र चालवतात, मुले अभ्यासाला बसतात आणि म्हाताऱ्या माणसांना कुरआन पठणासाठी दाराशी येऊन बसावे लागते.

मुलगा पुण्यात किंवा आखाती देशात कमाईला लागला, हातात चार पैसे आले की घरमालक मिस्त्रीला बोलावतो आणि रस्त्याकडच्या भिंतीवर बोट ठेवून सांगतो, "मिस्त्री, इथे एक मोठी खिडकी काढून द्या." मिस्त्री खिडकी काढून देतो. महिनाभरात त्या खिडकीला पडदा लागतो, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर थेट चुलीपर्यंत जाते. पुढे धूळ येते म्हणून झडपाही बंद होतात. खोली पुन्हा अंधारी. मालकाचे पैसे गेले, भिंत मात्र कमजोर झाली. आमच्या पाहण्यात अशा बंद खिडक्या कितीतरी आहेत.

म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट मांडणार आहोत. जुन्या घरात उजेड आणायचा तो आधी वरून आणि आपल्या अंगणातून आणावा. रस्त्याकडच्या आणि शेजाऱ्याकडच्या भिंतीला हात सर्वांत शेवटी लावावा. यात घराची मजबुती राहते, परदा राहतो, शेजारधर्म राहतो आणि कारागिराचे नावही राहते.

आधी ओझे कशावर आहे ते पाहा

हातोडी उचलण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. हे माळवद खांबांवर उभे आहे की भिंतीवर? आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत. खणांच्या घरात लाकडी खांब असतात, त्यावर तुळया आणि तुळयांवर कड्या. भिंत नुसती आडोशाला असते. दुसऱ्या प्रकारात कड्यांची टोके थेट भिंतीत घुसलेली असतात, म्हणजे सगळे ओझे भिंतीवर. काही घरांत तर आतल्या अंगाला खांब आणि मागच्या अंगाला भिंत, असा मिश्र प्रकार असतो. गिलाव्याखाली खांब लपलेलाही असू शकतो. तेव्हा चारही भिंतींच्या वरच्या कडेला गिलावा थोडा खरवडून कडीचे टोक कुठे टेकले आहे ते डोळ्यांनी पाहावे. मालक सांगतो म्हणून मानू नये. त्याने ते घर बांधलेले नाही, त्याच्या आजोबांनी बांधले.

आता वरच्या मातीचे वजन काढू. दहा फूट बाय बारा फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तिच्यावर दीड फूट माती असेल तर १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास झाली. तिचे वजन सुमारे ८ टन भरते. आठ टन माती डोक्यावर घेऊन ते कुटुंब खाली झोपते. दर पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी नव्या मातीचा थर दिला जातो, जुना कोणी काढत नाही. त्यामुळे आजोबांच्या वेळी फूटभर असलेली माती नातवाच्या वेळी दोन फूट झालेली असते.

या वजनाचा अर्थ काय, हे आपल्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले आहे. किल्लारी सोनपेठपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. भूकंप मध्यम प्रकारचा होता, पण लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. माणसे मेली ती जाड दगडी भिंती आणि त्यावरची माती अंगावर आल्यामुळे. त्या भिंती दोन पदरी होत्या. बाहेरून एक दगडी अंग, आतून एक दगडी अंग, मधे माती आणि खडी. दोन्ही अंगांना धरणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसताच दोन अंगे एकमेकांपासून सुटली. तज्ज्ञांनी त्यानंतर पाहणी केली तेव्हा एक गोष्ट पुढे आली. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता, तिथे भिंती पडल्या तरी अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला होता. अलीकडे २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे धक्के परभणी आणि नांदेडलाही जाणवले. तेव्हा ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणून चालत नाही.

भिंतीला पोट आले असेल, म्हणजे ओळंबा लावल्यावर मधला भाग बाहेर आलेला दिसत असेल, तर त्या भिंतीत खिडकी काढायचे काम घेऊच नये. मालकाला स्पष्ट सांगावे की आधी ही भिंत उतरवून आरपार दगड घालून पुन्हा बांधावी लागेल. काम हातचे जाईल, दुसरा कोणी ते घेईलही. तरी सांगावे.

छपराचे वजन उतरवणे

उजेडाच्या कामाची सुरुवात आम्ही माळवदावरून करायला सांगतो, आणि हे ऐकून पुष्कळ जण हसतात. पण साणे काढायला माती हलवावीच लागते. मग त्याच मजुरीत जादा माती उतरवून घ्यावी. दीड फुटाची आठ इंच केली तर वरच्याच उदाहरणातल्या खोलीवरून एक ब्रास माती कमी होते, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास. फळ्या किडलेल्या असतील तर बदलाव्यात, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा, मग चाळलेली पांढरी माती ठोकून घ्यावी आणि वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे माती कमी झाल्याने वाढणारी उष्णता बरीच भरून निघते. सगळीच माती काढून पत्रा टाकण्याच्या भानगडीत पडू नये. मे महिन्यात घरचे लोक मिस्त्रीला दुवा देणार नाहीत.

माती उतरवताना ती एका कोपऱ्यात ढिगाने रचू नये. दोन्ही बाजूंनी सारखी सारखी काढावी आणि लगेच खाली टाकावी. खाली खोलीत कोणी राहू नये, आणि किडलेल्या कड्यांना आधी टेकू द्यावेत.

आणि हो, माळवदावर चढण्यापूर्वी शेजारच्या घरी आवाज द्यावा. आपल्या माळवदावरून चार घरांची अंगणे दिसतात. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून जाऊ नये हा आदेश सूरह अन-नूरमध्ये आहे, आणि परवानगीचा हा नियम नजरेसाठीच आहे असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. आमचे जुने मिस्त्री शिडी लावली की मोठ्याने खाकरत असत. आता मोबाइलवर गाणी लावून चढतात, पण ती काही सूचना नव्हे.

साणे : जुनी युक्ती, नवी बांधणी

साणे म्हणजे माळवदाला ठेवलेले भोक. पूर्वी त्यातून चुलीचा धूर जाई आणि उजेड येई. पावसात वरून मडके किंवा फरशी झाकत. हे साणे आजच्या पद्धतीने बांधले तर मधल्या खोलीचा प्रश्न बहुतेक सुटतो.

पहिला नियम, कडी कापायची नाही. दोन कड्यांच्या मधली जागाच लांब करायची. कड्यांमधे फूटभर अंतर असेल तर एक फूट रुंद आणि चार फूट लांब असे साणे निघते, तेवढे पुरते. त्याभोवती मातीच्या थराच्या वर फूटभर उंच विटांचा कठडा बांधावा, म्हणजे पावसाचे वाहते पाणी आत येत नाही. आता महत्त्वाची गोष्ट. कठड्यावर काच आडवी टाकू नये. सोनपेठ १९ अंश अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. आडव्या काचेतून ऐन उन्हाळ्यात भट्टीसारखे ऊन खाली पडेल. म्हणून कठड्याची उत्तरेची बाजू उंच करून तिथे काच उभी बसवावी आणि वरचे झाकण दक्षिणेकडे उतरते ठेवावे. उत्तरेकडून आभाळाचा थंड, सारखा उजेड येतो. जूनच्या आसपास दुपारी सूर्य थोडा उत्तरेला कलतो, त्यासाठी झाकण चार बोटे पुढे काढले की झाले. काचेखाली बारीक जाळी ठेवली तर खोलीतली गरम हवाही वर निघून जाते.

आपल्याकडे उन्हाळ्यात माणसे माळवदावर झोपतात, मुले वर खेळतात. म्हणून साण्यात खालून लोखंडी गज बसवल्याशिवाय काम पूर्ण समजू नये. गज चोरासाठी नाहीत, मुलासाठी आहेत. साण्याच्या आतल्या चारही बाजू चुन्याने पांढऱ्या कराव्यात. काळपट मातीच्या बाजू निम्मा उजेड खाऊन टाकतात.

काम झाल्यावर परीक्षा काय? आम्ही एक साधी परीक्षा सांगतो. दुपारी तीन वाजता दिवा न लावता खोलीच्या आतल्या भिंतीशी बसून सुईत दोरा ओवता आला पाहिजे. शिलाईवर ज्या घराची चूल चालते त्यांना याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

अंगणाकडची खिडकी, आणि तिचा हिशेब

साण्यानंतर अंगणाकडच्या भिंतीचा विचार करावा. खोलीला किती खिडकी लागते? राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण व कोरड्या हवामानासाठी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश एवढी खिडकी सांगितली आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला १२ चौरस फूट, म्हणजे तीन फूट बाय चार फुटांची एक खिडकी.

पण भिंत ती सहन करते का? मातीच्या घरांसाठी १९९३ चे भारतीय मानक क्रमांक १३८२७ आहे. भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या भागासाठी त्यात सांगितले आहे की एकाच भिंतीतील सर्व दारे-खिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या ४० टक्क्यांहून जास्त नसावी, कोणतेही भोक १.२ मीटर म्हणजे चार फुटांपेक्षा रुंद नसावे आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून ते चार फूट तरी दूर असावे. आता बारा फुटांची भिंत घ्या. चाळीस टक्के म्हणजे पावणेपाच फूट. त्या भिंतीत आधीच तीन फुटांचे दार असेल तर उरले पावणेदोन फूट. तीन फुटांची खिडकी तिथे बसतच नाही! दार नसलेल्या भिंतीत बसते, पण दोन्ही कोपऱ्यांपासून चार-चार फूट सोडले की बरोबर मधल्या चार फुटांतच. हे मानक नव्या बांधकामासाठी लिहिले आहे हे खरे. पण ऐंशी वर्षांच्या जुन्या भिंतीला नव्यापेक्षा जास्त सवलत द्यावी, असे कोण म्हणेल? म्हणूनच आम्ही साण्यावर एवढा भर दिला.

भोक पाडण्याची रीत अशी. आधी लिंटेल, मग भोक. उलटे कधीही नाही. तीन फुटांच्या खिडकीला दोन्ही बाजूंना किमान फूट-फूट बैठक धरून पाच फूट लांबीचे लिंटेल हवे. दोन फूट जाडीच्या भिंतीसाठी सहा इंच रुंद आणि सहा इंच जाड असे चार तुकडे आधी जमिनीवर ओतून घ्यावेत. प्रत्येकात खालच्या अंगाला १० मिलिमीटरच्या दोन सळ्या घालाव्यात आणि किमान १४ दिवस पाणी मारावे. वरच्या अंगाला रंगाने खूण करावी, नाहीतर घाईत तुकडा उलटा बसतो आणि सळ्या वर राहतात. तुकड्याचे वजन नव्वद किलोच्या आसपास भरते, तेव्हा चार माणसे धरावीत.

कड्यांना आतून टेकू देऊन भिंतीच्या बाहेरच्या अर्ध्या जाडीत खाच करावी, दोन तुकडे सारावेत आणि वर दगडाच्या चिपा व मसाला घट्ट ठोकून भरावा. तो दोन-चार दिवसांत धरला की मग आतल्या बाजूने उरलेले दोन तुकडे. त्यानंतर खालची भिंत छन्नी-हातोडीने वरून खाली उतरवत यावी. घण वापरू नये. घणाचा दणका त्या भिंतीपुरता राहत नाही, शेजारच्या घरापर्यंत जातो. काही जण लिंटेलच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा टाकतात. फरशी फडताळाला चांगली. आठ टनांच्या माळवदाखाली ती चालत नाही.

भिंत दोन फूट जाड असल्याने खिडकीतून येणारा उजेड नळीतून आल्यासारखा सरळ पडतो. त्यासाठी खिडकीच्या आतल्या कडा तिरप्या घ्याव्यात, बाहेर तीन फूट तर आत चार फूट. मात्र तिरपी कड लिंटेलच्या बैठकीला लागणार नाही हे पाहून लिंटेल तेवढे लांब घ्यावे. जुन्या गढ्यांच्या भिंतींत ही युक्ती पाहायला मिळते. गिलावा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा करू नये, त्याने आतली ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग.

दिशेचा विचार सोपा आहे. मशिदीची किब्ल्याची रेघ ज्याने आखली आहे त्याला दिशा शिकवायला नको; आपल्याकडून किब्ला पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे येतो, म्हणजे मशिदीची भिंत पाहूनही गल्लीच्या दिशा कळतात. दक्षिणेची खिडकी आपल्याकडे चांगली. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा टाकला तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचे ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरात खालचे सव्वादोन-अडीच फूट ऊन खोलीत येते, जे तेव्हा हवेच असते. पश्चिमेच्या खिडकीला मात्र छज्जा कामाचा नाही, कारण सायंकाळचे ऊन आडवे येते. तिथे जाळी किंवा झडपा.

शेजारी, परदा आणि कायदा

गावठाणात घरे पाठीला पाठ लावून असतात. म्हणून खिडकीचे निम्मे तंटे शेजाऱ्याशी होतात, आणि त्यात मिस्त्रीचे नाव आधी येते. याबाबत आपल्या फिकहमध्ये फार बारकाईने विचार झालेला आहे. उस्मानी तुर्कांच्या राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' नावाची संहिता तयार झाली. तिच्यानुसार शेजाऱ्याच्या घरातील स्त्रियांच्या वावराची जागा, म्हणजे अंगण, स्वयंपाकघर, विहिरीची कड, आपल्या खिडकीतून दिसत असेल तर ते मोठे नुकसान ठरते आणि ते दूर करावे लागते. खिडकी माणसाच्या उंचीपेक्षा वर असेल तर शेजाऱ्याला ती बंद करायला लावता येत नाही. याउलट, कोणी इतके उंच बांधकाम केले की शेजारच्या खोलीत लिहिलेले वाचता येईना, तर तेही मोठे नुकसान. म्हणजे उजेड हा शेजाऱ्याचा हक्क आहे आणि परदाही.

आपल्या देशाचा कायदाही यापासून लांब नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार एखाद्या घराला विनाअडथळा २० वर्षे उजेड व हवा मिळत आली असेल तर त्यावर हक्क उत्पन्न होतो. त्याच कायद्याच्या कलम १८ खाली दिलेल्या उदाहरणात, ज्या गावात तशी प्रथा असेल तिथे शेजाऱ्याच्या खासगीपणाचा भंग होईल अशी नवी खिडकी कोणाला काढता येत नाही, असे म्हटले आहे. हे आम्ही कोर्टात जाण्यासाठी सांगत नाही. काम धरण्यापूर्वी मालक आणि शेजारी यांना एकदा समोरासमोर बसवावे, यासाठी सांगतो. सामाईक भिंतीत तुळईचे टोक ठेवायचे असेल तरी विचारूनच. शेजाऱ्याने आपल्या भिंतीत लाकूड ठेवायला आडकाठी करू नये, असे प्रेषितांचे (स.) सांगणे हदीसमध्ये आहे, पण ते भिंतवाल्याला उद्देशून आहे, न विचारता लाकूड घुसवणाऱ्यासाठी ती सबब नव्हे.

शेजाऱ्याकडे खिडकी हवीच असेल तर तिची खालची कड जमिनीपासून साडेसहा-सात फुटांवर घ्यावी. उजेड येतो, नजर जात नाही. आणि रस्त्याकडे हवीच असेल तर जाळी लावावी. जाळीचे गणित दिवसा एक आणि रात्री दुसरे असते. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, म्हणून आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की उलटे होते. म्हणून जाळीला आतून झडप हवीच. १६६० च्या सुमारास बांधलेल्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्यात संगमरवरी जाळ्या आहेत. आपल्याला संगमरवर नको. भाजलेल्या मातीची किंवा विटांच्या उभ्या-आडव्या रचनेची जाळी गावातला कोणीही चांगला गवंडी करू शकतो. सुतारांना लाकडी जाळीचे काम मिळू शकते. वेल्डिंगवाल्याकडची ठराविक नमुन्याची खिडकी घेऊन बसवण्यापेक्षा यात हुन्नर आहे आणि पैसाही.

कोकणात काम मिळाले तर

आपल्या भागातले कारागीर कामासाठी कुठेही जातात. मुरूड, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात कोकणी मुस्लिम कुटुंबांची जुनी घरे आहेत. घरातील माणसे आखातात किंवा मुंबईत असतात आणि सुट्टीत आल्यावर म्हणतात, "समुद्र दिसेल असे करून द्या." तिथे सोनपेठची रीत तशीच चालत नाही.

तिथली भिंत जांभ्या चिऱ्याची, छप्पर उतरते, कौलारू. दमट हवेसाठी संहितेने खिडकी जमिनीच्या एक षष्ठांश सांगितली आहे, म्हणजे त्याच १२० फुटांच्या खोलीला १२ नव्हे तर २० चौरस फूट. हवा खेळली नाही तर भिंतींना बुरशी धरते. साण्याऐवजी तिथे काचेची कौले असतात; दहा-बारा कौले बदलली की खोली उजळते, आणि हे सर्वांत स्वस्त काम आहे. समुद्र पश्चिमेला. म्हणजे समुद्र दाखवणारी खिडकी दुपारचे ऊनही आणते आणि पावसाळ्यातला समुद्रावरचा पाऊसही. म्हणून भिंतीला मोठे भोक पाडून काच लावण्यापेक्षा समुद्राच्या बाजूची पडवी दुरुस्त करून रुंद करावी आणि बसायची जागा तिथे करावी. समुद्र तिथून जास्त चांगला दिसतो.

खाऱ्या हवेत लोखंडी गज आणि बिजागऱ्या काही वर्षांत गंजून फुगतात आणि चिरा फोडतात. लाकूड, पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. किनाऱ्याची वाळू सळईच्या काँक्रीटला लावू नये, मालकाने आग्रह धरला तरी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने कौले आणि पत्रे उडाले. समुद्राकडची मोठी काच फुटली की वारा आत शिरतो आणि छप्पर आतून उचलतो. त्यामुळे तिथे काचेला बाहेरून लाकडी झडपा हव्यातच. शिवाय किनारपट्टीला सीआरझेडचे नियम लागू आहेत. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, पण जोते आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. परवानगीचा कागद मालकाने हातात दिल्याशिवाय पडवीचा एक चिराही हलवू नये. आपल्याकडेही सोनपेठला नगरपरिषदेकडे चौकशी करूनच भिंतीला हात लावावा, हे ओघाने आलेच.

बोली कशी करावी

जुन्या घराच्या कामात भांडण होते ते बोलीमुळे. नव्या घराचे चौरस फुटावर सांगता येते. जुन्याचे नाही, कारण गिलाव्यामागे काय आहे ते उघडल्यावरच कळते. सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम सांगणारा मिस्त्री एकतर स्वतः बुडतो, नाहीतर टेकू आणि लिंटेल यांत काटकसर करतो. न पाहिलेल्या गोष्टीचा ठोक सौदा म्हणजे त्यात 'गरर' आला, म्हणजे अशी अनिश्चितता जिच्यावरून पुढे तंटा होणार. आमच्या मते कामाचे दोन भाग करावेत. उघडणे, माती उतरवणे, टेकू देणे हा भाग रोजावर. साणे, खिडकी, लिंटेल, छज्जा, गिलावा हा भाग नगाच्या किंवा मापाच्या दराने. उघडल्यावर किडलेली कडी किंवा पोकळ भिंत निघाली तर मालकाला दाखवून, त्याचा वेगळा दर ठरवून मगच पुढे जावे. हे सर्व कागदावर लिहावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपले लोक तो व्याख्यानात ऐकतात आणि "भाई, आपसातली गोष्ट आहे" म्हणून तोंडी काम धरतात.

कागदावर एक रकाना जुन्या लाकडाचा असावा. माळवदातून निघालेले सागवान आज बाजारात मोलाने जाते. ते मालकाचे आहे, ठेकेदाराचे नाही, मग ते कितीही काळपट दिसो. निघालेली प्रत्येक कडी आणि फळी मोजून, लांबी लिहून मालकाच्या सहीने ठेवावी. त्यातलेच चांगले लाकूड रंधून चौकटीला आणि जाळीला वापरता येते, मालकाचा खर्च वाचतो. उरलेले विकायचे असेल तर मालकाने विकावे, किंवा त्याने किंमत ठरवून मजुरीत वळते करावे. पण आधी भाव, मग वळते.

मजुरांची मजुरी रोजच्या रोज किंवा आठवड्याच्या बाजारादिवशी द्यावी, मालकाकडून हप्ता आला नाही ही सबब त्यांना सांगू नये. शेवटचा हप्ता मालकाने पहिला मोठा पाऊस होईपर्यंत थोडा राखून ठेवला तर रागावू नये. साण्याचा कठडा गळतो की नाही, हे त्या पावसाशिवाय कळत नाही. किती रक्कम आणि किती दिवस, एवढे मात्र आधीच कागदावर घालून घ्यावे.